नाताळचा बाजार आणि मंडळीचा चहा

(नाताळपूर्वीच्या आठवड्यासाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग: लूक २:१-७, प्रेषितांची कृत्ये २८:१-२, १ करिंथ. ११:१७-३४.

थंडी पडू लागली की आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांत दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. बाजारास केव्हा जावयाचे, ही एक. आणि नाताळच्या रात्री मंडळीसाठी चहा कोणी करावयाचा, ही दुसरी. कित्येक उपदेशक बंधूंस वाटेल की, असल्या विषयांवर पाठ तो काय लिहावयाचा? मलाही पूर्वी असेच वाटत असे. सेमिनरीत आम्हांस ग्रीक शिकविले, उपदेशाची मांडणी शिकविली, मंडळीचा इतिहास शिकविला. परंतु शंभर माणसांस चहा किती लागतो हे कोणी शिकविले नाही. आणि आज मागे वळून पाहतो तेव्हा माझ्या सेवेतील जी एक चूक मला अद्याप डाचते, ती उपदेशात झालेली नसून चहात झालेली आहे. ती पुढे यथाक्रम सांगेन.

पहिला शास्त्रभाग गर्दीचा आहे. बेथलेहेमात जी माणसे जमली ती सणासाठी जमली नव्हती. सरकारी नावनिशी होती म्हणून जो तो आपापल्या गावी आला होता. मरीयेला बाळ ठेवण्यास जागा मिळाली नाही, तेथे आपण आपल्या भाषांतरात उतारशाळा असा शब्द वाचतो, आणि नाताळच्या नाटकांत आपली मुले एक खाष्ट खाणावळवाला उभा करून त्याच्याकडून दार लावून घेतात. मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’ असा आहे. हाच शब्द लूकाने पुढे बाविसाव्या अध्यायात वल्हांडणाच्या जेवणाच्या खोलीसाठी वापरला आहे. उलट, चांगल्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास जेथे पैसे देऊन ठेविले, त्या जागेसाठी लूकानेच ‘पान्दोखेइऑन’ असा निराळा शब्द योजिला आहे. ह्यावरून अनेक अभ्यासू लोक असे समजतात की, बेथलेहेमात जी भरली होती ती धंद्याची खाणावळ नसून एखाद्या घरातली पाहुण्यांची खोली होती. तसे असेल तर गोष्ट आपल्या फार जवळ येते. घर आप्तांचे होते, पाहुणे आधीच आले होते, आणि जी गरोदर बाई शेवटी आली तिच्या वाट्यास गोठ्याचा कोपरा आला. कोणी दुष्टपणाने दार लाविले नाही. जे आधी आले त्यांना जागा मिळाली, एवढेच झाले. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. चहाच्या वेळी तो पुन्हा येणार आहे.

आता बाजार. नाताळ म्हणजे खरेदी हे समीकरण फार जुने आहे असे आपल्या तरुण मंडळीस वाटते, पण तसे नाही. ज्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नगर जिल्ह्यात शुभवर्तमान आणिले त्यांच्या पूर्वजांना नाताळ मुळीच मान्य नव्हता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने १६५९ साली असा कायदा केला की, जो कोणी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड व्हावा. त्यांचे म्हणणे असे की, शास्त्रात ह्या दिवसाची तिथी दिलेली नाही, आणि सणाच्या नावाखाली दारू, जुगार व दंगा मात्र चालतो. तो कायदा १६८१ साली रद्द झाला. त्याच प्रांतात १८१० साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाला. त्याचे सेवक १८१३ मध्ये मुंबईस व १८३१ मध्ये अहमदनगरास (ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले) आले. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सरकारी सुटी १८५६ साली सुरू झाली, म्हणजे नगरचे मिशन पंचवीस वर्षांचे झाल्यानंतर! नाताळात दंगा नको म्हणून ज्यांनी दंड बसविला त्यांच्या देशात पुढे नाताळची खरेदी हा व्यापाराचा सर्वांत मोठा हंगाम व्हावा, हे पाहून मनुष्यस्वभावाचे नवल वाटते.

त्या गर्दीचा भार कोणावर पडला? दुकानात उभ्या असलेल्या नोकरांवर. न्यूयॉर्क, शिकागो वगैरे शहरांत डिसेंबर महिन्यात दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहत. तरुण मुली दिवसभर उभ्या राहून माल दाखवीत, आणि लहान पोरे अपरात्री घरोघर पुडकी पोहोचवीत. ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ नावाची संस्था १८९९ साली निघाली, तिच्या मुख्य चिटणीस फ्लॉरेन्स केली ह्या बाई होत्या. त्यांनी व त्यांच्या सोबतिणींनी विसाव्या शतकाच्या आरंभी गिऱ्हाइकांस असे सांगण्याचा उद्योग केला की, नाताळची खरेदी लवकर करा; शेवटच्या आठवड्यावर टाकू नका; तुमच्या आळसाचे पैसे त्या मुली आपल्या पायांनी भरतात. मला हा उपदेश फार आवडतो. ह्यात खरेदीची निंदा नाही, सणाचाही निषेध नाही. दुकानाच्या फळीपलीकडे मनुष्य उभा आहे, एवढीच आठवण आहे.

आपल्याकडे तालुक्याच्या कापड दुकानात जो पोरगा दिवसभर साड्यांचे गठ्ठे उलगडतो, तोही कोणाच्या तरी मंडळीतला, कोणाच्या तरी आळीतला असतो. चोवीस तारखेस संध्याकाळी सात वाजता जाऊन चाळीस साड्या उलगडावयास लावणे व एकही न घेता उठणे, ह्यास पाप म्हणावे की नाही ह्यावर मी वाद घालणार नाही. परंतु ख्रिस्ती स्त्रीपुरुषांस ते शोभत नाही, इतके नक्की.

उपदेशक बंधूंनी आपल्या मंडळीस बाजाराविषयी काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगाव्यात. सणाच्या गर्दीत लहान मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवावी, तीत आईबापांचे नाव, गाव व फोनचा क्रमांक लिहावा. मूल चुकल्यास १०९८ हा मुलांच्या साह्याचा क्रमांक आहे, आणि पोलिसांसाठी ११२. अरुंद जिन्यावर किंवा पुलावर गर्दी अडली असता मागून रेटू नये व पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एलफिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसामुळे माणसे थांबून राहिली, मागून येणारी थांबली नाहीत, आणि तेवीस माणसे चेंगरून मेली. चेंगराचेंगरीत बहुधा मनुष्य पायांखाली तुडवला जाऊन मरतो असे आपण समजतो; पण छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यानेही मनुष्य मरतो. ह्यास्तव गर्दीत दोन्ही हात छातीपुढे धरावेत व मुलास खांद्यावर घ्यावे.

मापाविषयी मोशेच्या नियमशास्त्रात (लेवीय १९:३५-३६) जी आज्ञा आहे ती दुकानदारासाठी आहे असे आपण म्हणतो. गिऱ्हाइकानेही ती माहीत करून घ्यावी. आमचे आजोबा शेर-पायलीने घेत. पक्का शेर म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने किलो व लिटर आले, आणि आता वजनकाट्यांवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असावा लागतो. काटा शून्यावर आहे की नाही हे आधी पाहावे. मिठाई खोक्यासकट तोलून खोक्याचेही पैसे मिठाईच्या भावाने घेण्याचा दुकानदारास अधिकार नाही. बंद पुड्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही अधिक मागता येत नाही. हे सांगताना भांडण करू नये, पण लाजूही नये. आपल्या लोकांत लाजण्याची सवय फार. वजन विचारले तर दुकानदार आपणांस काय समजेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

बाजारातील सर्वांत मोठा धोका मात्र गर्दीचाही नव्हे व वजनाचाही नव्हे. तो उधारीचा आहे. माझ्या पूर्वीच्या मंडळीतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो, नवराबायकोच्या जोडीस एक ‘कोयता’ म्हणून धरतो, व उचल देतो. ती उचल फेडण्यासाठी फडावर चार-पाच महिने घालवावे लागतात. एका घरी मुलांच्या नाताळच्या कपड्यांसाठी म्हणून मूळ उचलीवर आणखी पाच हजार रुपये घेतलेले मी पाहिले. पैसे घेताना ते पाच हजार दिसले, कापताना ते ऊस दिसले. सावकाराकडून घेतले तर निराळाच हिशेब. दरमहा शेकडा पाच रुपये व्याज फार वाटत नाही. पण दहा हजारांवर ते महिन्यास पाचशे व वर्षास सहा हजार होते, आणि मुद्दल जेथल्या तेथे राहते. ह्याउलट, ईस्टरनंतर दर आठवड्यास वीस रुपये बाजूस टाकले तर नाताळपर्यंत सुमारे पस्तीस आठवडे मिळतात व सातशे रुपये जमतात. सातशेत सर्व घराचे कपडे होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दोन मुलांचे काही तरी होते, आणि कर्जाविना होते. ज्या गावी बायकांचा बचत गट आहे तेथे उपदेशकाच्या पत्नीने हे काम अंगावर घ्यावे.

आणि पाळकांनी एक गोष्ट करावी, जी मी पुष्कळ वर्षे केली नाही. नाताळच्या भक्तीच्या वेळी नव्या कपड्यांची वाखाणणी व्यासपीठावरून करू नये. ‘आज सर्व मंडळी नव्या वस्त्रांनी कशी शोभत आहे’ असे एकदा मी म्हणालो, आणि मागील रांगेतील एक मुलगा आपल्या सदऱ्याची फाटकी बाही मुठीत धरून बसलेला मला दिसला.

आता ऊन पेयाकडे वळू. दुसरा शास्त्रभाग पाहा. पौल व त्याच्याबरोबरचे लोक फुटलेल्या तारवातून मिलिता बेटावर आले, तेव्हा पाऊस व थंडी होती. तेथील लोकांस ख्रिस्त ठाऊक नव्हता. तरी त्यांनी प्रथम शेकोटी पेटविली व सर्वांस जवळ घेतले. लूक लिहितो तेव्हा ‘सर्वांस’ ह्यावर त्याचा भर आहे. त्या तारवात दोनशे शहात्तर माणसे होती, त्यांत कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. कोणास आधी व कोणास मागाहून, असा भेद तेथे दिसत नाही.

आपल्याकडे पाहुण्यास थंडीत ऊन काही देण्याची रीत जुनी असली तरी चहाची रीत तितकी जुनी नाही. पूर्वी दारी आलेल्यास गूळपाणी मिळे. सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसविण्याचा कायदा केला, व त्या पैशांतून चहाच्या प्रसाराची खटपट झाली. पुढे हळूहळू बाजारपेठा, स्टेशने व जत्रा ह्यांतून तो खेड्यांत शिरला. आज तो इतका आपला झाला आहे की चहा न विचारणे म्हणजे अपमान. ह्यास्तव तो नीट करावा.

शंभर माणसांसाठी, प्रत्येकी सुमारे शंभर मिलिलिटर धरले तर, दहा लिटर तयार चहा लागतो. उकळताना एक लिटर आटतो असे समजून साडेपाच लिटर पाणी व साडेपाच लिटर दूध घ्यावे. बारीक दाणेदार चहा असेल तर दोनशे ते अडीचशे ग्रॅम पुरे. साखर आठशे ग्रॅम ते एक किलो. आले दीडशे ग्रॅम. दूध निराळ्या पातेल्यात आधी उकळून ऊन ठेवावे. पाण्यास आधण आले की प्रथम ठेचलेले आले घालून चांगले उकळावे, मग चहा घालून तीन-चार मिनिटे मंद आचेवर ठेवावा, मग ते ऊन दूध ओतावे. कच्चे आले थेट दुधात घातले तर दूध फाटते, कारण आल्यात दूध फाडणारा एक रस आहे व तो उकळल्याने मरतो. गुळाचा चहा करावयाचा असेल तर चहा चुलीवरून उतरवावा व मग किसलेला गूळ घालून हलवावा. उकळत्या दुधात गूळ टाकल्यास पुष्कळदा सारे फाटून जाते व रात्री दहा वाजता दुसरे दूध मिळत नाही. हा अनुभव ज्याने घेतला आहे त्यास पुन्हा सांगावे लागत नाही. मधुमेही माणसे आता प्रत्येक गावी आहेत, त्यांच्यासाठी एक लहान किटली बिनसाखरेची काढून तिच्या कानास दोरा बांधावा.

पितळेचे पातेले वापरणार असाल तर त्यास कल्हई आहे की नाही हे आदल्या आठवड्यातच पाहावे. नसल्यास पदार्थ कळकतो व अपाय होतो. चहा अगदी कढत कोणास प्यावयास लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक शाखेने २०१६ साली असे जाहीर केले की, पासष्ट अंशांहून अधिक ऊन असलेली पेये नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव दिसतो. गरोदर स्त्रिया व अशक्त मुली ह्यांनी जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. लहान मुलांस चहा देण्याचे काही कारण नाही. त्यांना ऊन दूध द्यावे, किंवा पुढे सांगतो ते द्यावे.

दुधास पैसे पुरत नाहीत अशा लहान मंडळ्यांनी खिन्न होऊ नये. हुलग्याचे माडगे हे आपल्या आजींचे पेय चहापेक्षा पौष्टिक आहे. दहा लिटर पाण्यास भाजलेल्या हुलग्यांचे पीठ पाऊण किलो पुरे होते. पीठ थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. उरलेल्या पाण्यास उकळी आल्यावर त्यात ते बारीक धारेने सोडीत हलवीत राहावे. दहा-बारा मिनिटे शिजवून गूळ, सुंठ व चवीपुरते मीठ घालावे. मुले प्रथम नाक मुरडतील, मग दुसऱ्यांदा मागतील. किंवा सुंठ, मिरे, गवती चहा व गूळ ह्यांचा काढा करावा. नऊ लिटर पाण्यास गूळ एक किलो व सुंठ चाळीस ग्रॅम. गूळ फार पिवळाधमक घेऊ नये. तो रसायन घालून उजळविलेला असतो. काळसर गूळ बरा.

थंडी फार म्हणून मंदिराची दारेखिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवण्याचा मोह होतो. असे कदापि करू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो. मनुष्यास गुंगी येते व तो झोपेतच मरतो. शेगडी अंगणात असावी. (निखाऱ्यांच्या शेगडीचा जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, दोन्ही योहानात: एकदा पेत्राने प्रभूस नाकारले तेथे, व एकदा प्रभूने समुद्रकाठी त्यास न्याहारी दिली तेथे. त्यावर एक स्वतंत्र पाठ लिहिण्यासारखा आहे.)

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, एका पूर्वीच्या मंडळीत, चोवीस तारखेच्या रात्री भजने झाली व चहा निघाला. मंडळीजवळ स्टीलचे तीस पेले होते. ते मी पुढे खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांस, वडीलजनांस व गावातील दोन-चार बागायतदार घरांस द्यावयास सांगितले. सतरंजीवर बसलेल्यांसाठी कागदी कप आणविले होते. ह्यात भेदभाव करावा असे माझ्या मनातही नव्हते. पेले तीस होते, माणसे एकशेवीस होती, आणि जे पुढे बसले त्यांस आधी मिळाले. बेथलेहेमातल्या त्या घराप्रमाणे.

मागे दाराजवळ एक वृद्ध बाई बसली होती, ऊसतोडीस जाणाऱ्या घरातली. तरुणांनी तिच्यापुढे कागदी कप धरला तेव्हा तिने मान हलविली. मी जवळ जाऊन म्हटले, ‘आजी, चहा घ्या ना, थंडी किती आहे.’

ती म्हणाली, ‘नगं साहेब. मला सवं न्हाई.’

तिला सवय होती, हे मला ठाऊक होते. तिच्या घरी मी अनेकदा चहा घेतला होता. दुसऱ्या दिवशी भक्तीनंतर मी तिच्या घरी गेलो व पुन्हा विचारले. पुष्कळ वेळ ती बोलेना. मग म्हणाली, ‘साहेब, माझ्या बापाचा कप हाटेलाच्या भाईर भिताडाच्या कोनाड्यात असायचा. कान तुटल्याला. वरून च्या वतायचे. बाप पिऊन, धुऊन, परत तितंच ठिवायचा. मी ल्हान व्हते, संगं असायची. काल कागदाचा बघितला. म्हन्लं, बरं झालं, आता धुवायचा बी तरास न्हाई.’

अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला. त्या बाईने हे पाहिले ते त्यानंतर. परंतु कायद्याविषयी मला तेथे काही सुचले नाही. मी एवढेच म्हणालो की, ‘आजी, माझे चुकले.’ ती म्हणाली, ‘तुमचं न्हाई हो, तुमाला ठावं नव्हतं.’ ह्या बोलण्याने मला बरे वाटावयास हवे होते, पण वाटले नाही. मीही त्याच वस्तीत वाढलेला मनुष्य. माझ्या आजोबांचा कपही कोठे तरी कोनाड्यात असलाच पाहिजे. मला ठाऊक नव्हते असे नाही. सेमिनरीची पदवी व पुढची खुर्ची मिळाल्यावर मी विसरलो होतो.

तिसरा शास्त्रभाग ह्या दृष्टीने वाचावा. करिंथच्या मंडळीत काही लोक लवकर येत, आपले आणलेले खात-पीत, आणि मजूर व दास काम आटोपून येईतो काही उरत नसे. पौल त्यांना जे विचारतो त्यात मुख्य आरोप खादाडपणाचा नाही. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजविता, हा आहे. आणि उपाय तो अगदी साधा सांगतो: एकमेकांची वाट पाहा. आपण हा अध्याय प्रभुभोजनाच्या रविवारी वाचतो, आणि चहाच्या वेळी विसरतो. माझ्या मते पौलाने तो चहाच्या वेळेसाठीच लिहिला असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही, कारण त्या काळी भोजन व प्रभुभोजन एकाच बैठकीत होई.

त्या वर्षानंतर आम्ही रीत बदलली. प्रत्येक घराने माणसागणिक एक फुलपात्र घरून आणावयाचे. दारात एक मोठे घमेले ठेवलेले असते, सर्वांची फुलपात्रे त्यात जातात, कढत पाण्याने विसळली जातात, व जे हातास येईल ते ज्याला त्याला मिळते. पाळकाचे पाटलाकडे, पाटलाचे मजुराकडे. पहिल्या वर्षी कुरकूर झाली. एका वडीलजनांनी आपल्या पेल्यावर नाव कोरून आणले व ‘हा हरवू नये’ असे सांगितले. तो दुसऱ्याच्याच हाती गेला, व हरवलाही नाही. काही बायकांनी रोगराईचा प्रश्न काढला. तो रास्त आहे. म्हणून साबणाने घासणे व उकळते पाणी ह्यांत कसूर करू नये, आणि ज्याला खोकला-पडसे आहे त्याने आपले फुलपात्र आपल्याजवळ ठेवावे. एकदाच वापरून टाकावयाचे प्लॅस्टिकचे पेले तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत, आणि कागदी कपांसही आतून प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, तेव्हा खर्च व कचरा दोन्ही वाचतात. वाढण्याचा क्रमही उलटा केला: दाराजवळच्या रांगेपासून आरंभ, खुर्च्या शेवटी.

ह्याहून एक अडचण मोठी होती. नाताळच्या रात्री अर्धी मंडळी गावात नसतेच. ती फडावर, कोप्यांत असते. पुढील वर्षी आम्ही सातजण किटल्या घेऊन तेथे गेलो. ज्यांना असे जावयाचे आहे त्यांनी आधी मुकादमास विचारावे, कारण गाडी भरावयाची वेळ रात्रीही येते व माणसे कामावर असतात. टोळी पहाटे चारच्या आत उठते, म्हणून संध्याकाळी दिवेलागणीस पोहोचावे व नऊच्या आत निघावे. लांब उपदेश करू नये. दोन भजने, लूकाचा भाग व प्रार्थना पुरे. कोप्या पाचटाच्या असतात, तेव्हा मेणबत्त्या मुलांच्या हाती देऊ नयेत.

ती आजी त्या वर्षी नातवंडे सांभाळण्यासाठी मुलाबरोबर फडावर आली होती. आमचा चहा वाटून झाला, तोवर तिने तीन दगडांच्या चुलीवर गूळ घालून कोरा चहा ठेविला होता. कोपीत फुलपात्रे दोनच. एक तिने माझ्या हाती दिले, दुसरे स्वतः घेतले, आणि माझे पिऊन होताच ते न विसळता मुलाकडे पुढे केले.

ह्या वर्षी फडावर येणाऱ्यांनी आपली नावे रविवारच्या भक्तीनंतर चिटणिसांकडे द्यावीत. किटल्या मंडळीच्या आहेत. दूध तेथे मिळत नाही, ते गावातून उकळून बरोबर न्यावे लागेल. आणि प्रत्येकाने आपले फुलपात्र आणावे.